साथसंगतीचे नृत्य : सामाजिक बॉलरूम नृत्याचा आनंद आणि लाभ

सेवानिवृत्तीचे नियोजन म्हटले की मुदत ठेवी, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, नामनिर्देशन या सर्वांचा हिशेब सुशिक्षित कुटुंबांत काळजीपूर्वक केला जातो. साठीनंतरच्या संध्याकाळी कशा आणि कोणाच्या सहवासात जाणार, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. मुले नोकरीनिमित्त परगावी अथवा परदेशी असतात. कार्यालयातील सहकाऱ्यांचा गोतावळा हळूहळू पांगतो. पती-पत्नींमधील संभाषणही पुष्कळदा औषधांच्या वेळा आणि विजेच्या बिलाची तारीख एवढ्यावरच येऊन थांबते. शरीराला व्यायाम हवा, हे डॉक्टर आवर्जून सांगतात. मनाला सोबत हवी, हे सांगणारे थोडे. या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवणारी, जगातील अनेक देशांत रुळलेली, पण आपल्याकडे काहीशी गैरसमजात अडकून पडलेली एक कला आहे. ती म्हणजे सामाजिक बॉलरूम नृत्य.

या नावातील ‘बॉल’ म्हणजे चेंडू नव्हे. नाचणे या अर्थाच्या ‘बालारे’ या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला असून ‘बॉल’ म्हणजे नृत्यसमारंभ आणि ‘बॉलरूम’ म्हणजे त्यासाठीचे सभागृह. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे पाच प्रकार, तसेच रंबा, सांबा, चा-चा-चा, पासो दोब्ले आणि जाइव्ह हे लॅटिन अमेरिकी गटातील म्हणून ओळखले जाणारे पाच प्रकार, असा या कुळाचा विस्तार सर्वसाधारणपणे मानला जातो.

दूरचित्रवाणीवर दिसणारे झगमगीत पोशाख, विजेच्या चपळाईच्या गिरक्या आणि परीक्षकांचे गुण ही या कलेची स्पर्धात्मक बाजू होय. सामाजिक नृत्य हे तिचेच साधे, घरगुती आणि खरे तर मूळ रूप. तेथे व्यासपीठ नसते, परीक्षक नसतात आणि नुसते पाहणारे प्रेक्षकही फारसे नसतात. सगळे नाचणारेच असतात. भजनी मंडळात बसून टाळ वाजवणारा गृहस्थ जसा मैफलीचा गायक नसतो, पण भजनाचा पूर्ण धनी असतो, तसेच हे आहे.

व्हिएन्नातील वॉल्ट्झ

वॉल्ट्झचा उगम ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतील ‘लेंडलर’सारख्या ग्रामीण नृत्यांत आढळतो. त्यापूर्वी युरोपीय दरबारांत मिन्युएटचे राज्य होते. त्यात जोडपी हातभर अंतर राखून, ठरलेल्या आकृत्यांतून, वरिष्ठांच्या नजरेसमोर आपली अदब दाखवीत असत. वॉल्ट्झने हे चित्र पालटले. त्यातील स्त्री-पुरुष समोरासमोर उभे राहून परस्परांना धरतात आणि एकत्र गिरक्या घेत सभागृहाला फेरी घालतात. लक्ष सिंहासनाकडे नसून जोडीदाराकडे असते. शिवाय मिन्युएटसाठी लागणारे दीर्घ शिक्षण येथे लागत नव्हते. शेतकऱ्याचे नृत्य सरदाराला आणि सरदाराचे सभागृह व्यापाऱ्याला खुले झाले, ते या निमित्ताने.

१८०८ साली व्हिएन्नात अपोलो नावाचे भव्य नृत्यसभागृह उघडले. १८१४-१५ मध्ये नेपोलियनोत्तर युरोपची घडी बसवण्यासाठी तेथे जमलेल्या राजप्रतिनिधींच्या परिषदेमुळे वॉल्ट्झची कीर्ती सर्वत्र पसरली. ‘परिषद नाचते आहे, पण पुढे सरकत नाही’ अशा आशयाची कोटी त्या काळात प्रसिद्ध झाली होती. सर्वांनाच हे नृत्य रुचले असे मात्र नाही. १८१६ मध्ये लंडनच्या राजदरबारी समारंभात वॉल्ट्झ झाला, तेव्हा ‘द टाइम्स’ने त्याला असभ्य ठरवून पालकांना सावध केले. नव्या नृत्याविषयीचा संकोच हा केवळ भारतीय समाजाचा विशेष नाही, हे यावरून ध्यानात यावे.

व्हिएन्नाने ही परंपरा आजही जपली आहे. हिवाळ्यातील कार्निव्हलच्या मोसमात तेथे शेकडो नृत्यसमारंभ होतात. डॉक्टरांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, कॉफीगृहचालकांचा आणि मिठाईवाल्यांचाही वेगळा. ऑपेरागृहातील प्रतिष्ठित समारंभात प्रथम तरुण जोडपी शिस्तबद्ध उद्घाटन-नृत्य करतात आणि मग ‘आल्लेस वाल्त्सर’ अशी घोषणा होते. ‘आता सर्वांचा वॉल्ट्झ’ हा तिचा भावार्थ. त्या दोन शब्दांनंतर पाहणारे आणि नाचणारे हा भेद उरत नाही. सामाजिक नृत्याचे मर्म त्या घोषणेत आहे.

इंग्लंडने दिलेले व्याकरण

व्हिएन्नाने या नृत्याला वैभव दिले, तर इंग्लंडने व्याकरण. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फॉक्सट्रॉट उदयास आला. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये हॅमरस्मिथ पॅले हे प्रचंड नृत्यसभागृह १९१९ मध्ये सुरू झाले आणि तिकीट काढून कामगार, टंकलेखिका, दुकानातील विक्रेते नाचू लागले. पण प्रत्येक शिक्षकाचे पाऊल निराळे असल्याने अनोळखी जोडीदाराशी जुळवून घेणे अवघड होई. म्हणून १९२० पासून नृत्यशिक्षकांच्या परिषदा भरू लागल्या आणि १९२४ मध्ये ‘इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ या १९०४ साली स्थापन झालेल्या संस्थेने बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढून पावले, लय आणि पकड यांचे प्रमाणीकरण केले.

१९२२ मधील जागतिक स्पर्धेचे विजेते व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांनी १९२७ मध्ये या विषयावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे १९३५ मध्ये काटेकोर लयीत वाजवणारा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. ‘गाणे वाट्टेल ते असो, लय बदलणार नाही’ ही त्यामागील शिस्त. नोट कोणत्याही शहरात छापलेली असली तरी तिचे मूल्य देशभर सारखेच असावे, तसे हे झाले. मँचेस्टरमध्ये शिकलेला तरुण ब्लॅकपूलच्या मनोऱ्यातील सुप्रसिद्ध सभागृहात जाऊन, पूर्वी कधी न भेटलेल्या व्यक्तीसोबत, एक शब्दही न बोलता संपूर्ण वॉल्ट्झ करू शकला. दोन अपरिचितांना तीन मिनिटांत एकत्र आणणारी ही समान भाषा हेच बॉलरूम नृत्याचे खरे भांडवल होय.

आपल्याकडील धागा

भारतात हे नृत्य प्रामुख्याने दोन वाटांनी आले. पहिली वाट ब्रिटिशांच्या क्लबांची आणि रेल्वेची. भुसावळ, इगतपुरी, खरगपूर, जमालपूर अशा रेल्वे वसाहतींतील इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबे नाताळात आणि नववर्षाला नाचत. दुसरी वाट गोव्याची. पोर्तुगीज अमलातील चर्चशी संलग्न शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथे तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे मुंबई, कोलकाता आणि अन्य शहरांतील हॉटेलांच्या वाद्यवृंदांचे आधारस्तंभ बनले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच अँटोनियो झेवियर वाझ, हे त्यांपैकी एक. संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटासाठी साहाय्य केले. त्यामुळे बॉलरूमचे ताल ज्यांनी कधी सभागृहात ऐकले नाहीत, त्या मराठी कानांनाही ते रेडिओवरून परिचित झाले.

गोव्यातील ख्रिस्ती विवाहसमारंभात आजही वधू-वरांच्या पहिल्या नृत्यानंतर आई-वडील, मामा-मामी, आजी-आजोबा नाचायला उतरतात. सत्तरीच्या आजोबांनी आजींचा हात धरून वॉल्ट्झ करणे तेथे कोणालाही वावगे वाटत नाही. गोव्याचाच ‘मांडो’ हा संथ लयीचा नृत्यगीतप्रकार याच शेजारातून फुलला. त्यात स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत, परस्परांना स्पर्श न करता नाचतात. बाहेरून आलेली रीत आपल्या स्वभावानुरूप घडवून घेता येते, याचे हे उत्तम उदाहरण.

आज्ञा नव्हे, निमंत्रण

बॉलरूम नृत्यात दोन भूमिका असतात. एक जण नेतृत्व करतो, दुसरा अनुसरतो. परंपरेने पहिली भूमिका पुरुषाची आणि दुसरी स्त्रीची असली, तरी अनेक वर्गांत आता कोणीही कोणतीही भूमिका शिकतो. ‘अनुसरणे’ या शब्दाने मात्र गैरसमज होऊ नये. येथे ओढाताण नसते, ढकलणे तर नाहीच. नेतृत्व करणारा आपल्या शरीराचा तोल एका दिशेला किंचित नेतो. हातांच्या पकडीतून ती सूचना जोडीदाराला कळते, जोडीदार आपल्या वेळेने आणि आपल्या पायांनी ते पाऊल पूर्ण करतो, आणि तोवर नेतृत्व करणाऱ्याने थांबायचे असते. दिलेली असते ती आज्ञा नव्हे, निमंत्रण.

आपल्या संगीतातील साथसंगतीशी याचे जवळचे नाते आहे. गायक पुढची जागा घेणार हे तबलावादकाला कोणी सांगत नाही. तो ऐकतो आणि समेवर भेटतो. दुसरे उदाहरण फुगडीचे. पायांशी पाय जुळवून, हात घट्ट धरून, मागे झुकलेल्या दोघी जणी गरगर फिरतात, तेव्हा एकटीने त्या कोनात उभे राहणे अशक्यच असते. दोघींचा तोल मिळून एक झालेला असतो. वॉल्ट्झमध्ये असे मागे झुकायचे नसले, तरी गिरकी घेताना तोल दोघांचा मिळून सांभाळायचा असतो. ज्या पोरींनी नागपंचमीला फुगडी घातली आहे, त्यांना या नृत्याचे अर्धे रहस्य ठाऊकच आहे.

पहिला पाठ : वॉल्ट्झची चौकट

वॉल्ट्झ तीन मात्रांचा असतो आणि पहिल्या मात्रेवर जोर येतो. संथ वॉल्ट्झची प्रचलित लय मिनिटाला सुमारे ८४ ते ९० मात्रांची, तर व्हिएनीज वॉल्ट्झची १७४ ते १८० मात्रांची, म्हणजे दुपटीच्या आसपास. नवशिक्याने अर्थातच पहिलीपासून आरंभ करावा. मूळ पाऊल ‘चौकट’ म्हणून ओळखले जाते, कारण सहा पावलांत जमिनीवर एक चौकोन पूर्ण होतो. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. मराठी वाचकाला येथे लगेच दादरा आठवेल. दादऱ्याच्या टाळीच्या भागाला पुढची अर्धी चौकट आणि खालीच्या भागाला मागची अर्धी चौकट, असे मनात धरल्यास मोजणी चुकत नाही. घरी इलेक्ट्रॉनिक तबला असल्यास मिनिटाला ८४ मात्रांचा दादरा लावून सराव करता येतो.

पकड : दोघांनी समोरासमोर, ताठ पण सैल खांद्यांनी उभे राहावे. प्रत्येकाचा जोडीदार त्याच्या समोर किंचित उजव्या बाजूस असावा, म्हणजे पावले एकमेकांवर पडत नाहीत. नेतृत्व करणाऱ्याचा उजवा हात जोडीदाराच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर असतो आणि जोडीदाराचा डावा हात त्याच्या दंडावर. उरलेले दोन हात बाजूला, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, हलकेच गुंफावेत. दृष्टी जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे असावी.

नेतृत्व करणाऱ्याची पावले : आरंभी भार उजव्या पायावर. एक – डावे पाऊल पुढे. दोन – उजवे पाऊल उजवीकडे. तीन – डावे पाऊल उजव्याजवळ. चार – उजवे पाऊल मागे. पाच – डावे पाऊल डावीकडे. सहा – उजवे पाऊल डाव्याजवळ.

अनुसरणाऱ्याची पावले : आरंभी भार डाव्या पायावर. एक – उजवे पाऊल मागे. दोन – डावे पाऊल डावीकडे. तीन – उजवे पाऊल डाव्याजवळ. चार – डावे पाऊल पुढे. पाच – उजवे पाऊल उजवीकडे. सहा – डावे पाऊल उजव्याजवळ.

नवशिक्यांच्या तीन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, पायांकडे पाहणे. मान झुकली की तोल जातो आणि जोडीदाराची सूचना कळेनाशी होते. दुसरी, तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेला पाऊल नुसते टेकवणे. तेथे शरीराचा संपूर्ण भार त्या पायावर आला पाहिजे, नाहीतर पुढच्या मात्रेला कोणता पाय मोकळा आहे हेच समजत नाही. तिसरी, हातांनी ढकलणे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकट्यानेच चौकट घालावी. ती न मोजता पडू लागली की मगच जोडीदाराचा हात धरावा.

पादत्राणांकडेही लक्ष द्यावे. रबरी तळव्याचा बूट फरशीला चिकटतो आणि वळताना तो सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुळगुळीत तळव्याचे, टाचेला घट्ट बसणारे बूट किंवा सँडल उत्तम. सपाता टाळाव्यात. साडी नेसलेल्या स्त्रीचे पहिलेच पाऊल मागे जात असल्याने काठ टाचेखाली येण्याचा संभव असतो. साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी अथवा सरावापुरता सलवार-कमीज घालावा.

सभागृहातील शिष्टाचार

नाचणारी जोडपी सभागृहाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेरी घालतात. देवळातील प्रदक्षिणेच्या नेमके उलट, असे लक्षात ठेवावे. पुढे सरकणाऱ्यांसाठी कडेची वाट मोकळी ठेवून, जागच्या जागी चौकट घालणाऱ्या नवशिक्यांनी मध्यभागी थांबावे. धक्का लागल्यास चूक कोणाची याचा विचार न करता दोघांनीही दिलगिरी व्यक्त करावी. नृत्यासाठी विचारताना नम्रपणे विचारावे, नकार मिळाल्यास कारण विचारू नये, आणि गाणे संपल्यावर आभार मानून जोडीदाराला त्याच्या जागेपर्यंत सोडावे. जमिनीवर उभे असताना कोणीही कोणाच्या चुका दुरुस्त करीत बसू नये. ते काम शिक्षकाचे. पती-पत्नींनी हा शेवटचा नियम विशेषत्वाने पाळावा, असे अनुभवी शिक्षक हसत हसत सांगतात.

शरीराची आणि मेंदूची मिळकत

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्यात तोल सुधारणाऱ्या हालचाली आठवड्यातून किमान ३ दिवस समाविष्ट कराव्यात. बॉलरूम नृत्य या दोन्ही अटींत बसते. चालण्याचा व्यायाम उत्तमच, पण त्यात पावले सदैव पुढेच पडतात. नृत्यात मागे, बाजूला आणि वळत पाऊल टाकावे लागते. म्हातारपणी मनुष्य पडतो तो बहुधा अशाच अनपेक्षित पावलाला, आणि नेमक्या त्याच पावलाचा येथे सराव होतो.

इटलीत १३० हृदयविकारग्रस्तांवर झालेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात एका गटाने ८ आठवडे नेहमीचा व्यायाम केला, तर दुसऱ्या गटाने संथ आणि जलद वॉल्ट्झ. प्राणवायू वापरण्याच्या शरीराच्या क्षमतेत दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. अमेरिकेतील सेंट लुइस येथे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टँगो, वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट शिकलेल्यांचा तोल सुधारल्याचे आढळले. नृत्य न केलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा तेथील संशोधकांनी सुमारे पाच वर्षे मागोवा घेतला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. तपासलेल्या ११ शारीरिक कृतींपैकी मात्र केवळ नृत्याचाच असा संबंध आढळला. या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. हे निरीक्षण आहे, सिद्ध झालेला उपचार नव्हे. ज्यांची स्मृती आधीच मंदावू लागली होती, त्यांनी नाचणे सोडले असण्याचाही संभव आहे. तरीही कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. सामाजिक नृत्यात पाठ केलेला क्रम नसतो. संगीत ऐकणे, मोकळी जागा हेरणे, जोडीदाराची सूचना ओळखणे आणि पुढचे पाऊल ठरवणे या गोष्टी दर क्षणाला नव्याने कराव्या लागतात. म्हणजे हा पायांचा व्यायाम असतानाच निर्णयक्षमतेचाही व्यायाम असतो.

गुडघ्याचे वा हृदयाचे दुखणे, चक्कर येणे किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगायला नकोच.

हात धरण्याचे मोल

या सर्व आकड्यांत न मावणारा एक लाभ उरतोच. वृद्धत्वात, विशेषतः जोडीदाराच्या निधनानंतर, महिनोन्‌महिने कोणाचा हात हातात येत नाही. डॉक्टर नाडी पाहतात, नातू नमस्काराला वाकतो, तेवढाच काय तो स्पर्श. नृत्यसभागृहात कोणी तरी समोर येऊन विचारते, हात पुढे करते आणि तीन मिनिटे संपूर्ण लक्ष देते. त्यात ना दया असते, ना कर्तव्य. ‘आपली कोणाला तरी गरज आहे’ ही भावना त्या अल्प वेळात जागी होते. ब्लॅकपूलसारख्या ठिकाणी दुपारच्या चहाबरोबर होणाऱ्या नृत्यांना वयोवृद्ध मंडळी वर्षानुवर्षे आवडीने का जातात, याचे उत्तर येथेच आहे.

संसारात रमलेल्या दांपत्यांनाही यातून काही गवसते. चाळीस वर्षांच्या सहजीवनात निर्णय कोणी घ्यायचा हे ठरून गेलेले असते. नृत्यात एकाला थांबायला आणि दुसऱ्याला विश्वास टाकायला नव्याने शिकावे लागते. भूमिका बदलून पाहिल्या, तर दोघांनाही परस्परांची अडचण कळते. पाऊल चुकते, दोघे हसतात, पुन्हा एकपासून मोजतात.

‘लोक काय म्हणतील’ हा संकोच आपल्याकडे मोठा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परंतु नृत्यातील पकड ही औपचारिक, सर्वांसमक्ष आणि गाण्यापुरती मर्यादित असते, आणि कोणालाही केव्हाही नकार देता येतो. परपुरुषासोबत नाचणे प्रशस्त वाटत नसेल, तर मैत्रिणी-मैत्रिणींनी, नणंद-भावजयींनी, आजी आणि नातीने एकत्र शिकावे. महायुद्धांच्या काळात पुरुष रणांगणावर असताना इंग्लंडच्या सभागृहांत स्त्रिया एकमेकींसोबतच नाचत होत्या.

आज मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता आणि गोवा येथे या नृत्याचे वर्ग चालतात. जेथे वर्ग नाहीत, तेथे गृहनिर्माण संस्थेचे सभागृह, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली किंवा कार्यालयातील कर्मचारी सांस्कृतिक मंडळाची जागा पुरेशी आहे. मेज-खुर्च्या भिंतीशी सरकवाव्यात, शक्य असल्यास एखाद्या जाणकार शिक्षकाला आठवड्यातून एकदा बोलवावे आणि कोजागिरीच्या कार्यक्रमात गाण्यांच्या भेंड्यांसोबत एक वॉल्ट्झही ठेवावा. जी मंडळी कधीच नाचली नाहीत, त्यांनी आधी घरातच आरंभ करावा. दिवाणखान्यातील चार फरशा, सहा मात्रांचा दादरा आणि समोर पुढे केलेला एक हात, एवढ्या भांडवलावर पहिली चौकट आज संध्याकाळीही पुरी करता येते.